विज्ञानातल्या एआय स्टार्टअपने मेंटॉरशिप प्रोग्रॅम निवडताना काय बघावं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं असं व्हायला नको. तुम्ही दोघं संस्थापक. एकाची सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी, दुसऱ्याने हिंजवडीतली मशीन लर्निंगची नोकरी सोडलेली. कंपनी ७ महिन्यांची. औषधाचा रेणू कुठल्या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात), कुठल्या तापमानाला किती विरघळेल याचं भाकीत करून क्रिस्टलायझेशनची, म्हणजे द्रावणातून स्फटिक काढण्याची, पद्धत सुचवणारं मॉडेल तुम्ही बनवलंय. टेस्ट सेटवर, म्हणजे तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर, आर-स्क्वेअर (भाकीत मोजमापाशी किती जुळतं त्याचा आकडा; १ म्हणजे तंतोतंत) ०.९४ येतोय. औषध कंपन्या डेमो बघतात, छान म्हणतात आणि पायलटचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरून बघण्याचा, विषय निघाला की गप्प होतात. आता समोर तीन पर्याय आहेत: बंगळुरूचा १२ आठवड्यांचा ॲक्सिलरेटर (ठरावीक मुदतीत स्टार्टअपला घडवून शेवटी ‘डेमो डे’ला गुंतवणूकदारांसमोर उभा करणारा प्रोग्रॅम), जो ६ टक्के हिस्सा मागतोय, पाषाणमधला एक इन्क्युबेटर (जागा, उपकरणं आणि सल्ला देणारी संस्था), आणि एका क्लाउड कंपनीचा क्रेडिट्स, म्हणजे फुकट संगणन, देणारा मोफत प्रोग्रॅम. तुम्हाला हवाय ‘ओळखी करून देणारा मेंटॉर’, आणि त्यासाठी ६ टक्के द्यावेत का, हा प्रश्न.

मी बरीच वर्षं औषध कंपन्यांच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढली आणि आता बाणेर-पाषाण पट्ट्यातल्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्टार्टअप्सबरोबर मेंटॉर म्हणून बसते. मी गुंतवणूकदार नाही आणि कोड लिहिणारी तर नाहीच. त्यामुळे माझं मत प्रयोगशाळेच्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

मला वाटतं, तुमचं घोडं ओळखींपाशी अडलेलं नाही. पुण्यात या क्षेत्रात ओळख मिळवणं तसं सोपं आहे. एनसीएल, आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्था, विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग, संगणनातली सी-डॅक, आणि आजूबाजूच्या औषध कंपन्या. इथे जो तो कुणाचा तरी विद्यार्थी असतो, दोन फोनमध्ये माणूस सापडतो. तुम्हाला डेमोसाठी वेळ मिळाला, म्हणजे दार उघडलंच होतं. ते पुन्हा लागतं त्याचं कारण वेगळं आहे. समोरच्याला तुमच्या ०.९४ वर विश्वास नाही. आणि तुमचा डेटा न बघताही सांगते, बहुतेक त्याचंच बरोबर असेल.

का, ते जरा सविस्तर सांगते, कारण मेंटॉर कसा हवा याचं उत्तर त्यातच आहे.

विद्राव्यतेचा सार्वजनिक डेटा तुम्ही वापरला असणार. उदाहरणार्थ २०२३ मध्ये आलेला बिगसोलडीबी. त्याच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ५४ हजार मोजमापं होती, पण रेणू होते फक्त ८३० च्या आसपास. म्हणजे एकेका रेणूची सरासरी साठ-पासष्ट मोजमापं: तोच रेणू, तोच सॉल्व्हंट, पाच-पाच अंशांनी बदललेलं तापमान. आता या ओळी सरसकट पिसून ८० टक्के ट्रेनिंगला आणि २० टक्के टेस्टला काढल्या तर काय होईल? २५ अंशांचं मोजमाप टेस्टमध्ये, आणि २० व ३० अंशांची ट्रेनिंगमध्ये. मॉडेलला रसायनशास्त्र शिकायची गरजच उरत नाही, दोन ठिपक्यांच्या मधला ठिपका काढला की झालं. ०.९४ काय, ०.९८ सुद्धा येईल. हा घोळ फक्त नवशिक्यांचा नाही. प्रिन्स्टनच्या कपूर आणि नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १७ विज्ञानशाखांमधल्या २९४ शोधनिबंधांत अशा ना तशा प्रकारचं डेटा लीकेज, म्हणजे टेस्टची उत्तरं ट्रेनिंगमध्ये झिरपणं, नोंदवलंय.

तुम्ही रेणूनुसार विभागणी केली आहे का? म्हणजे टेस्टमधला रेणू ट्रेनिंगमध्ये एकदाही आलेला नाही, असं? केली असेल तर तो आकडा डेमोच्या पहिल्या स्लाइडवर टाका, मग तो ०.६ असला तरी चालेल. केली नसेल तर आज रात्री करा, कुठल्याही प्रोग्रॅमचा फॉर्म भरायच्या आधी.

आणखी एक गोष्ट. एकाच रेणूची विद्राव्यता दोन चांगल्या प्रयोगशाळांनी मोजली तर त्यांच्यात अर्धा लॉग युनिट, म्हणजे सुमारे तिप्पट, फरक पडणं यात काही विशेष नाही. समतोलाला किती तास दिले, तळाशी उरलेला घन पदार्थ कुठल्या क्रिस्टल फॉर्मचा (स्फटिकातल्या रेणूंच्या मांडणीचा) होता, सॉल्व्हंटमध्ये पाणी किती होतं, यावर ते ठरतं. त्यामुळे नव्या रेणूवर ‘आमची चूक ०.२ लॉग युनिट’ असं कुणी म्हणालं की या धंद्यातला जुना माणूस मनात हसतो. मोजमापात नसलेली अचूकता मॉडेलमध्ये कुठून येणार?

आता तुम्हाला हवा तो मेंटॉर कोण, हे बघा. माझ्या मते तुम्हाला तीन वेगवेगळी माणसं लागणार आहेत आणि ती तिन्ही एका देहात सापडणार नाहीत. पहिला, मॉडेलच्या मूल्यमापनात खोट काढणारा. दुसरा, ज्याने प्रत्यक्ष रिॲक्टरसमोर रात्रपाळ्या केल्यात असा. तिसरा, पेटंट आणि करार समजणारा. एमआयटीची व्हेंचर मेंटॉरिंग सर्व्हिस २००० सालापासून एकाच मेंटॉरऐवजी मेंटॉरांची टीम देते, ती याच कारणाने. एकट्या मेंटॉरचा सल्ला त्याच्या अनुभवाच्या कुंपणापलीकडे जात नाही. तीन जण एका टेबलावर बसले की एकमेकांना खोडतात, आणि त्या खोडाखोडीतच संस्थापक शिकतात.

यातला दुसरा माणूस सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते.

तुमच्यासारख्याच एका टीमबरोबरची बैठक. मुलांनी मॉडेलने सुचवलेले पाच सॉल्व्हंट क्रमाने छापून आणले होते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुरकुंभ एमआयडीसीत प्रॉडक्शन सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चष्मा लावला, कागद ओढला, आणि पहिल्या क्रमांकावरच्या १,४-डायॉक्सेनवर पेन्सिल ठेवून विचारलं, “हा मला सुकवून द्याल का? लिमिट ३८० पीपीएम आहे.” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. विद्राव्यतेच्या हिशेबाने उत्तर अचूक होतं. पण औषधात उरणाऱ्या सॉल्व्हंटसाठीच्या आयसीएच क्यू३सी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत डायॉक्सेन वर्ग २ मध्ये येतो, अंतिम पदार्थात तो किती उरला तर चालेल याची मर्यादा कडक आहे, आणि १०१ अंशांना उकळणारा द्रव गाळून उरलेल्या ओल्या केकमधून त्या पातळीपर्यंत काढायचा म्हणजे ड्रायर अडकून पडणार. शिवाय पाण्याबरोबर ॲझिओट्रोप (साध्या उकळण्याने वेगळं न होणारं मिश्रण), म्हणजे सॉल्व्हंट परत मिळवण्याची, रिकव्हरीचीही बोंब. पाचांतले तीन सॉल्व्हंट त्यांनी दोन मिनिटांत खोडले. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल)-पाणी राहिलं. एकाने धीर करून म्हटलं, “सर, आयपीएचाही ॲझिओट्रोप होतो.” ते म्हणाले, “होतो ना. पण तो आमचा पाठ आहे, कॉलम उभा आहे त्याच्यासाठी.” आणि लगेच पुढचा प्रश्न: “पाणी दोन टक्के जास्त गेलं तर फॉर्म बदलतो का?”

हा शेवटचा प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. क्रिस्टल फॉर्म बदलण्याची किंमत काय असते हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला रिटोनाविरमुळे माहीत आहे. एचआयव्हीवरचं ते औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याचा दुसरा, कमी विरघळणारा फॉर्म अचानक तयार व्हायला लागला आणि चालू बाजारातल्या कॅप्सूल कंपनीला मागे घ्याव्या लागल्या. त्यामुळे प्लांटचा माणूस ‘किती विरघळेल’ याच्या आधी ‘काय बाहेर पडेल’ हे विचारतो. तुमचं मॉडेल ‘काय बाहेर पडेल’ याबद्दल गप्प असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्याने तुमची पत वाढेल.

त्या टीमने मग मॉडेलला हात न लावता वर फक्त एक चाळणी बसवली: क्यू३सीचा वर्ग, उत्कलनबिंदू, रिकव्हरीची सोय, प्लांटमध्ये आधीपासून असलेल्या सॉल्व्हंटची यादी. नंतरच्या डेमोंमध्ये समोरून प्रश्न येऊ लागले, आणि प्रश्न येणं हे गप्प बसण्यापेक्षा केव्हाही बरं. अशी माणसं प्रोग्रॅमच्या वेबसाइटवरच्या मेंटॉरांच्या फोटोंत क्वचित दिसतात. तिथे बहुधा संस्थापक आणि गुंतवणूकदार असतात. निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर, क्यूएतल्या (गुणवत्ता हमी विभागातल्या) बाई, परचेसचे गृहस्थ यांना कुणी मेंटॉर म्हणत नाही. तुम्ही म्हणा.

पहिल्या प्रकारच्या माणसाबद्दल, म्हणजे खोट काढणाऱ्याबद्दल, एक उदाहरण पुरे. २०२३ च्या शेवटी बर्कलीच्या स्वयंचलित ए-लॅबने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ नवे पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांत घन अवस्था रसायनशास्त्रातल्या जाणकारांनी त्यांचे पावडर एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीचे) आलेख तपासले आणि त्यांचा अर्थ लावण्यातच गफलत आहे, यातलं नवं म्हणावं असं काही दिसत नाही, असा आक्षेप घेतला. रोबो, मॉडेल, पैसा, सगळं होतं. आलेख संशयाने वाचणारी नजर प्रसिद्धीच्या आधी हवी होती, ती नंतर आली. तुमच्यातल्या एका संस्थापकाची पीएचडी आहे, पण स्वतःच्या आलेखाकडे संशयाने बघणं कुणालाच जमत नाही. बाहेरचा माणूस लागतोच.

आता प्रोग्रॅमकडे वळू. माझी कसोटी एकच: कुठला प्रोग्रॅम तुम्हाला बंद पाकिटातल्या चाचणीपर्यंत लवकर नेईल? म्हणजे अशी चाचणी, जिथे उत्तर कुणालाच माहीत नाही किंवा फक्त समोरच्याला माहीत आहे, तुम्ही भाकीत आधी लिहून देता, आणि मोजमाप तिसरं कुणीतरी करतं. विज्ञानातल्या एआयवर लोकांनी विश्वास ठेवला तो अशाच रस्त्याने. प्रथिनांच्या रचनेच्या भाकितांसाठी कॅस्प ही आंधळी चाचणी १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. अल्फाफोल्ड २ ने २०२० मध्ये तिथे बाजी मारली म्हणून जीवशास्त्रज्ञांनी मान्य केलं, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपर्यंत गोष्ट गेली. तुमच्या विषयातही ही परंपरा आहे: केंब्रिजचं क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटर १९९९ पासून क्रिस्टल रचनांच्या आंधळ्या चाचण्या घेतं, आणि विद्राव्यतेसाठी २००८ व २०१९ मध्ये ‘सोल्युबिलिटी चॅलेंज’ झाले. त्यातले जुने रेणू काढून आधी घरच्या घरी परीक्षा द्या, फुकट आहे. अर्थात ते पाण्यातल्या विद्राव्यतेचे आहेत, आणि ते रेणू तुमच्या ट्रेनिंगमध्ये घुसलेले नाहीत ना, ते बघून.

या कसोटीवर ॲक्सिलरेटर कसा ठरतो? १२ आठवडे सॉफ्टवेअरला पुष्कळ असतात. प्रयोगाला नसतात. हिशेब करून बघा: रेणू मागवायचा, तो शुद्ध आहे का ते तपासायचं, एचपीएलसीची (द्रावणात पदार्थ किती आहे ते मोजणाऱ्या उपकरणाची) पद्धत बसवायची, मग विद्राव्यता, मग सावकाश थंड करून क्रिस्टलायझेशन, मग एक्सआरडी, मग पुन्हा. रसायन वेळेवर आलं आणि उपकरणाची रांग छोटी असली तरी पहिली फेरी दीड-दोन महिने खाते. दुसरी फेरी, जी खरी शिकवते, डेमो डेच्या आत बसत नाही. मग होतं असं की स्टेजवर दाखवायला काहीतरी हवं म्हणून टीम डॅशबोर्ड सुंदर करत बसते.

आणि ६ टक्के? त्याच्या बदल्यात पैसे किती, हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि तेच तर महत्त्वाचं. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेतला नावाजलेला ॲक्सिलरेटर वाय कॉम्बिनेटर ७ टक्क्यांसाठी सव्वा लाख डॉलर देतं आणि पुढच्या फेरीच्या अटींवर आणखी पावणेचार लाख. तिथे निदान सौदा कशाचा आहे ते कळतं. नुसत्या मेंटॉरशिपसाठी ६ टक्के मागत असतील तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पैसे बरे असतील आणि तुमची घरची शिल्लक चार महिन्यांत संपणार असेल, तर मात्र माझं शहाणपण बाजूला ठेवा. उपाशी राहून आंधळी चाचणी होत नाही.

टोरांटोत २०१२ मध्ये सुरू झालेल्या क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन लॅबची पद्धत मला जास्त पटते. हिस्सा घेत नाहीत. साधारण आठ आठवड्यांनी बैठक, प्रत्येक बैठकीत मेंटॉर मिळून पुढच्या आठ आठवड्यांची तीन उद्दिष्टं ठरवून देतात, आणि एकही मेंटॉर तुमच्यासाठी वेळ द्यायला तयार नसेल तर तुम्ही बाहेर. आठ आठवडे म्हणजे प्रयोगाची एक फेरी. ही पद्धत उचलायला कॅनडाला जायची गरज नाही; पाषाणमध्ये बसून तीन माणसांबरोबर हेच करता येतं, आणि मी माझ्या टीम्सबरोबर तेच करते. तीनाच्या वर उद्दिष्टं लिहू देत नाही. चौथं लिहिलं की टीम सगळ्यात सोपं आधी करते.

इन्क्युबेटरचा फायदा म्हणजे बेंच, उपकरणं आणि वेळ. एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून याच कामासाठी आहे. अशा ठिकाणाहून बायरॅकच्या (केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान उद्योगासाठीच्या संस्थेच्या) बिग ग्रँटसारख्या योजनेसाठी अर्ज करायला मदत मिळते: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, हिस्सा न देता. तुमचं काम औषधनिर्मितीच्या चौकटीत मांडता आलं तर हा पैसा तुमच्या प्रयोगांच्या वेगाशी जुळणारा आहे. तोटेही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. इन्क्युबेटर कुठलाही असो, समित्या असतात, कागद असतात, निकाल यायला महिने लागतात. भिंतीवर ज्या मेंटॉरांची नावं असतात आणि प्रत्यक्षात जो तुम्हाला वेळ देतो, ते वेगळे असू शकतात. आणि आत गेल्यावर एक सुस्ती येते. भाडं कमी, वातावरण चांगलं, चहा बरा, आणि ग्राहकाकडे जायचं राहून जातं. अमेरिकेच्या एनएसएफने (विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०११ मध्ये आय-कोअर हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला ते नेमकं हे मोडण्यासाठी: सात आठवड्यांत शंभर संभाव्य ग्राहकांशी बोलायचं. तुम्हाला शंभर नको, तीस पुरेत. पण त्यात प्रोसेस डेव्हलपमेंटबरोबर क्यूए आणि परचेसही असू दे. नवा सॉल्व्हंट आणायला नाही म्हणण्याचा हक्क त्यांच्याकडे असतो.

क्लाउड क्रेडिट्स घ्या, जरूर घ्या. फक्त त्याला मेंटॉरशिप समजू नका. पन्नास हजार ओळींचा डेटा चांगल्या डेस्कटॉपवर चालतो. तुमचं काम जीपीयूवाचून अडलेलं नाही. उद्या क्रिस्टल रचनांची क्वांटम पातळीची गणितं करायची ठरवलीत तर संगणनाची खरी भूक लागेल, आणि तेव्हा सी-डॅकच्या परम मालिकेकडे किंवा २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशनच्या सवलतीच्या जीपीयूंकडे बघा.

आतापर्यंतचं थोडक्यात: आकडा स्वच्छ करा, प्लांटचा माणूस आणा, बंद पाकिटातली चाचणी घ्या. त्यानंतर ओळखी कामाला येतात. आता तिसऱ्या मेंटॉरचा विषय, जो तुमच्या प्रश्नात अजिबात नव्हता.

पेटंटवाला रसायनशास्त्र येणारा बघा. कारणं दोन. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे अल्गोरिदमला आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. आणि ३(डी) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाचा नवा फॉर्म, त्याने औषधाची परिणामकारकता वाढत नसेल तर, शोध मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नोव्हार्टिसच्या प्रकरणात निकाल दिला तो इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा क्रिस्टल फॉर्मबद्दलच. त्यामुळे ‘आमचं एआय नवे पॉलिमॉर्फ (क्रिस्टल फॉर्म) शोधेल आणि आम्ही पेटंट घेऊ’ अशी स्लाइड असेल तर ती भारतापुरती काढून टाका. क्रिस्टलायझेशनच्या प्रक्रियेचं पेटंट मात्र शक्य आहे, ती दिशा धरा. आणि अर्ज दाखल होईपर्यंत डेमो डेला रेणू, सॉल्व्हंटचं प्रमाण आणि तापमान एका स्लाइडवर आणू नका. जाहीर बोललेलं जाहीरच होतं, मग नावीन्य सिद्ध करताना नाकी नऊ येतात. प्रोग्रॅमचा कुठलाही समन्वयक हे स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला भरलेली स्लाइड हवी असते.

त्याच माणसाकडून आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. मॉडेलमध्ये पीएचडीच्या काळातला डेटा असेल तर तो संस्थेचा आहे की तुमचा, याचं लेखी उत्तर आत्ता मिळवा. कंपनी मोठी झाल्यावर तेच पत्र मिळवायला दहापट त्रास होतो. आणि पायलटमध्ये औषध कंपनीने दिलेल्या मोजमापांवर मॉडेल सुधारलं तर ते सुधारलेलं मॉडेल कुणाचं, हे करारात असू द्या. कंपन्या रेणूची रचना बाहेर देत नाहीत, हे तर तुम्ही अनुभवलं असेलच. त्यावर उपाय म्हणजे मॉडेल कंटेनरमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या बंद सॉफ्टवेअर पॅकेटमध्ये, भरून त्यांच्या मशीनवर चालवायला देणं. रचना त्यांच्याकडेच राहते, भाकीत त्यांच्यासमोर छापून निघतं, आणि मोजमाप ते त्यांच्या सवडीने करतात. एवढी सोय केली की ‘आमच्या धोरणात बसत नाही’ हे वाक्य निम्म्या वेळा ऐकू येत नाही.

मेंटॉरला काय द्यायचं, हेही तुम्ही ओझरतं विचारलं होतं. प्लांटच्या माणसाला बैठकीमागे मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च द्या, आणि वेळेवर द्या. अशी माणसं पैशासाठी येत नाहीत. पण मानधनाचा विषयच न काढणाऱ्यांकडे दुसऱ्यांदा येत नाहीत. हिस्सा द्यायचाच असेल तर बाहेर रूढ असलेली पद्धत म्हणजे पाव ते एक टक्का, दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने. पण आपल्या कंपनी कायद्यात ईसॉप (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा पर्याय) आणि स्वेट इक्विटी (कामाच्या बदल्यात शेअर) कर्मचारी व संचालकांसाठी आहे, बाहेरच्या सल्लागाराला ती तशीच देता येत नाही; त्यामुळे ईमेलवर ‘तुम्हाला एक टक्का’ असं लिहून मोकळे होऊ नका, आधी कंपनी सेक्रेटरीला विचारा. सरकारी प्रयोगशाळेतल्या किंवा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला मेंटॉर करत असाल तर त्यांच्या संस्थेची परवानगी त्यांनी घेतलीय का, ते आडपडदा न ठेवता विचारा. संकोचापोटी हा प्रश्न राहतो आणि ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे गुंतवणूकदाराने केलेल्या कागदपत्रांच्या तपासणीच्या, वेळी वर येतो.

तर तुमच्या परिस्थितीत मी काय करेन: इन्क्युबेटरला होकार, क्रेडिट्सचा फॉर्म त्याच आठवड्यात, आणि ॲक्सिलरेटरला नम्रपणे पुढच्या बॅचला येऊ का असं विचारणं. चांगले प्रोग्रॅम अशी मुदत देतात. देत नसतील तर त्यांना तुमच्यात रस होता की जागा भरण्यात, ते कळेलच. हे उत्तर दोन परिस्थितींत उलटं होईल. एक, तुमचं उत्पादन ‘भाकीत’ नसून प्रयोगशाळेसाठीचं सॉफ्टवेअर असेल, म्हणजे नोंदी ठेवणं, प्रयोगांचं नियोजन वगैरे. तिथे बेंचची गरज कमी आणि विक्रीचा वेग जास्त मोलाचा. दोन, आंधळ्या चाचणीचे निकाल तुमच्या हातात आधीच असतील आणि तुम्ही ते इथे लिहिले नसतील. मग बंगळुरूला जा, पण हिश्श्याची घासाघीस करून.

होकार कळवायच्या आधी प्रत्येक प्रोग्रॅममधून बाहेर पडलेल्या दोन टीम्सना फोन करा, आणि त्यातली एक बंद पडलेली असू द्या. तिचा नंबर प्रोग्रॅमकडे मागितलात की ते कसे वागतात, हेही बघण्यासारखं असतं. फोनवर ‘अनुभव कसा होता’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. विचारा: तुमच्या मेंटॉरने तुमचा कुठला प्रयोग थांबवायला सांगितला? महिन्यातून किती तास दिले, आणि ते कॅलेंडरवर होते की व्हॉट्सॲपवर? एचपीएलसी किंवा एक्सआरडीसाठी रांगेत किती दिवस गेले? पहिल्या प्रश्नावर समोरचा अडखळला आणि त्याला काहीच आठवलं नाही, तर त्या प्रोग्रॅममधली मेंटॉरशिप टाळ्या वाजवण्यापुरती आहे असं समजा आणि पुढचा नंबर लावा.